नियोजन फी : भार कुणावर, लाभ कुणाला?

इंग्लंडमधील मजूर पक्षाच्या सरकारने १ एप्रिल २०२५ पासून नियोजन-परवानगीच्या अर्जाची फी वाढविली. राहत्या घराला एखादी खोली जोडू पाहणाऱ्या कुटुंबाला त्यापूर्वी २५८ पौंड मोजावे लागत. त्या दिवसापासून ५२८ पौंड मोजावे लागले. डिसेंबर २०२३ पूर्वी हीच फी २०६ पौंड होती. म्हणजे दीड वर्षाच्या आत अडीचपटीहून अधिक वाढ!

अर्ज तपासण्याचा खर्च सामान्य करदात्याने का सोसावा, असे समर्थन केले जाते. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु तो मूळ प्रश्नाला बगल देतो. घरबांधणीची परवानगी मिळताच शेतजमिनीची किंमत कित्येक पटींनी वाढते. हे मूल्य मालकाच्या घामातून नव्हे, तर रस्ते, रेल्वे आणि शाळा उभारणाऱ्या समाजाच्या श्रमातून निर्माण होते.

अ‍ॅटली सरकारच्या १९४७ च्या नगररचना कायद्याने हा अनर्जित लाभ संपूर्णपणे सरकारजमा करण्याची तरतूद केली होती. हुजूर पक्षाने १९५३ साली तो आकार रद्द केला. १९६७ व १९७६ साली मजूर पक्षाने आणलेले तत्सम करही पुढे मोडीत काढले. थॅचर सरकारच्या राजवटीत, १९८१ साली, अर्जावर फी बसली.

नगररचना कार्यालये सक्षम हवीत, यात वाद नाही. परंतु त्यासाठी लागणारा पैसा जमिनीच्या फुगलेल्या किमतीत आहे, कामगाराच्या खिशात नव्हे. मजूर पक्षाने आपलाच १९४७ चा कायदा पुन्हा उघडून पाहावा!