भरती झालात तर फुकट, गोळ्या मात्र खिशातून

आयबीडी हे नाव कट्ट्यावर फारसं निघत नाही. सारखे जुलाब होतात हे मित्रांनाही सांगायची लाज वाटते. इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज म्हणजे आतड्यांना वारंवार येणारी सूज. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे त्याचे दोन मुख्य प्रकार. हा आजार बहुतेकदा 15 ते 35 या वयात, म्हणजे ऐन कॉलेज-नोकरीच्या दिवसांत सुरू होतो. पूर्ण बरा होत नाही. औषधाने आटोक्यात राहतो.

खर्च निदानापासूनच सुरू होतो. क्रोन्स आणि आतड्याचा टीबी यांची लक्षणं इतकी सारखी, की आपल्याकडे अनेकदा आधी टीबीचं औषध देऊन बघतात. कोलोनोस्कोपी, बायोप्सी, पोटविकारतज्ज्ञ हे सगळं लागतं. मोलगी-धडगावच्या पोराने त्यासाठी आधी नंदुरबार गाठायचं, मग सुरत नाहीतर नाशिक. सोबत आई किंवा वडील. दोघांचं भाडं आणि बुडालेली मजुरी कुठल्याच बिलावर दिसत नाही.

मग गोळ्या. समजा, रोज 50 रुपयांच्या. वर्षाचे झाले 18,250. राज्यात 2024-25 मध्ये रोहयोची मजुरी होती दिवसाला 297 रुपये. म्हणजे 61 दिवसांची कमाई नुसत्या गोळ्यांत! नीती आयोगाच्या 2021 च्या दारिद्र्य निर्देशांकात राज्यात सर्वात गरीब ठरलेल्या आपल्या जिल्ह्यात हा हिशेब बसणार कसा?

मग सरकारी योजना? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर. आयबीडीचा पेशंट वर्षातले बहुतेक दिवस घरीच असतो. मेसालामाइन ही यातली नेहमीची गोळी 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याने किमतीला लगाम बसतो, गोळी फुकट होत नाही. पैसे संपले की गोळी सुटते, आजार उसळतो, भरती व्हावं लागतं. तेव्हा कुठे योजना धावून येते. रोजचे 50 रुपये वाचवून शेवटी हजारोंचं बिल भरण्यात कसली बचत?

बीपी-शुगरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्याच खिडकीवर या गोळ्याही मिळायला हव्यात. नंदुरबारला 2020 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. सुरुवात तिथून करता येईल.

आणि आपण? कित्येक आठवडे जुलाब, शौचातून रक्त, घटणारं वजन असं काही असेल तर लाज सोडा आणि तपासून घ्या. उशीर झाला की खर्चही वाढतो.