फलक लावा, नाहीतर लेखी नकार द्या

६ नोव्हेंबर २०२५ च्या ‘मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालावर आपल्या बार रूममध्ये भरपूर बोलून झाले आहे. अटकेची कारणे लेखी हवीत, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत हवीत आणि अगदीच अडचण असली तरी रिमांडसाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी त्याच्या हातात पडायला हवीत, हे आता नवशिक्या ज्युनिअरलाही पाठ आहे. ऑगस्टमधला दर्शन प्रकरणाचा निकाल पुढे करून ‘कारणे लेखी न दिल्याने नुकसान काय झाले ते दाखवा’ असे म्हणणाऱ्या सरकारी वकिलांना परस्पर उत्तर मिळाले, याचा आनंदही आहे. पण या विषयावर आमच्याकडे आलेल्या पत्रांचा सूर वेगळा आहे. लेखी कारणे मागू, पण कुठे जाऊन? अशील कोणत्या ठाण्यात आहे, हेच रात्री अकरापर्यंत कळत नाही.

निपाणीच्या मुलाला बेळगावात उचलले की घरचे लोक सवयीने एस.पी. ऑफिसला जातात. शहराला पोलीस आयुक्तालय मिळून दहा वर्षे उलटली, तरी मार्केट, खडेबाजार, शहापूर, टिळकवाडी, इतकेच काय काकतीसुद्धा आयुक्तांकडे आणि निपाणी, चिकोडी, खानापूर अधीक्षकांकडे, ही वाटणी आपल्यातल्याही काहींच्या डोक्यात पक्की नाही. एका कंट्रोल रूममधून ‘आमच्या हद्दीत नाही’, दुसरीतून ‘शहरात विचारा’. त्यातच पथक कागलहून किंवा कोल्हापूरहून आलेले असेल तर तिसरे दार. वॉरंटावर परजिल्ह्यात अटक झाली तर अटकेची आणि माणूस कुठे ठेवला आहे याची खबर तो जिथे नेहमी राहतो त्या जिल्ह्याच्या नियुक्त अधिकाऱ्यालाही तत्काळ द्यायची, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ८२(२) सांगते. सीमेवरच्या वकिलाला या पोटकलमाइतके उपयोगी दुसरे काही नाही, आणि ते अर्जात लिहिलेले क्वचितच दिसते.

डी. के. बसू निकाल १८ डिसेंबर १९९६ चा. अटकेची माहिती बारा तासांत कंट्रोल रूमला जावी आणि तिथल्या फलकावर लागावी, हे तेव्हाच सांगून झाले होते. पुढे ते फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१सी म्हणून आले आणि लागू झाले १ नोव्हेंबर २०१० ला. त्या तारखेला इथल्या पोलिसांचे लक्ष कुठे असते हे सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७ त्याच्याही पुढे गेले. आता प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकाच्या दर्जाखालचा नसलेला एक अधिकारी नेमायचा, अटक केलेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप त्याने सांभाळायचे आणि ते ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळक लावायचे, डिजिटल पद्धतीनेही चालेल. कायद्यात याहून स्पष्ट काय लिहायचे राहिले?

प्रत्यक्षात काय आहे? एका वाचकाने कळवले आहे की त्यांच्या ठाण्याचा फलक जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या मागे आहे आणि त्यावर वाहतूक दंडाचे दरपत्रक चिकटवलेले आहे. दुसऱ्या ठाण्यात रायटरने सांगितले, ‘यादी वेबसाइटवर असते.’ वेबसाइटवर सापडली नाही म्हणून वरच्या कार्यालयात फोन केला, तर उत्तर आले, ‘यादी ठाण्यात बघा.’ नियुक्त अधिकारी कोण, या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी पीएसआय एकमेकांकडे बघतात.

पण सगळ्यांवर कडी करणारे पत्र खानापूरकडच्या एका सभासदाचे आहे. त्यांनी माहिती अधिकारात एका ठाण्याकडे एका महिन्यातील अटकेची यादी मागितली. उत्तर आले, कलम ८(१)(ञ), ही वैयक्तिक माहिती आहे. वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १४ नोव्हेंबर २०२५ पासून या पोटकलमातल्या जुन्या अटी काढून टाकल्या, हे जनमाहिती अधिकाऱ्याला नेमके ठाऊक होते. ज्याला कलम ३७ ठाऊक नाही त्याला ही दुरुस्ती पंधरवड्यात पाठ कशी होते, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. आणि याच ठाण्याने त्याच महिन्यात एका चोरीच्या प्रकरणात आरोपींना मुद्देमालासमोर ओळीने उभे करून काढलेला फोटो, नावे आणि गावांसकट, पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. म्हणजे वकिलाने लेखी मागितले तर ती वैयक्तिक माहिती, आणि साहेबांना कौतुक करून घ्यायचे असले की प्रेसनोट. अशा नकारावर पहिले अपील जरूर करा. जी माहिती कायद्यानेच भिंतीवर लावायला सांगितली आहे ती खासगी कशी, एवढा एकच मुद्दा मांडा आणि कलम ८(२) चे व्यापक जनहित जोडा, ते अजून शाबूत आहे. तपास चालू असल्याचे कारण दिले तर दिल्ली उच्च न्यायालयाचा भगतसिंग निकाल (२००७) लावा. तपास चालू आहे एवढ्यावर ८(१)(ज) लागत नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येतो ते दाखवावे लागते.

आता थोडे आपल्याबद्दल. फलक कोरा राहिला याला पोलिसांइतकेच आपणही जबाबदार आहोत. अशिलाचा भाऊ धावत आला की आपण काय करतो? ओळखीच्या रायटरला फोन लावतो. तो पाच मिनिटांत सांगतो, ‘आहे इथेच, सकाळी दाखवणार.’ काम झाले असे वाटते. सकाळी अटक पंचनाम्यात वेळ पडते पहाटे साडेपाचची, आणि आदल्या संध्याकाळपासूनचे तास हवेत जातात. चोवीस तासांचा हिशेब मांडायला तुमच्या हातात काय असते? मोबाईलवरचा एक कॉल, तोही ज्याने मदत केली त्याला अडचणीत आणणारा. त्याऐवजी रात्री साडेनऊला ठाण्याच्या ईमेलवर आणि कंट्रोल रूमला चार ओळींचा अर्ज गेला असता, की अमुक इसम आपल्या ताब्यात असल्याचे समजते, कलम ३७ व ४८ प्रमाणे माहिती द्यावी, कलम ३८ प्रमाणे भेट द्यावी, तर दंडाधिकाऱ्यांसमोर त्या वेळेला वजन आले असते. संबंध जपायचे म्हणून आपण लेखी मागत नाही. हे संबंध कोणाच्या कामाचे आहेत, याचा विचार करावा.

१ नोव्हेंबरला किंवा डिसेंबरातल्या अधिवेशनाच्या वेळी गाड्या भरून माणसे नेतात तेव्हाही हेच. ‘अटक नाही, फक्त ताब्यात घेतले’ हे वाक्य आपण ऐकून घेतो. कलम १७० खाली नेले असेल तर ती अटकच आहे, तिला फलकही लागू आणि पंचनामाही. १७२(२) चा आधार घेतला असेल तर तसे लिहून मागा. निपाणीने १९८१ चे तंबाखू आंदोलन पाहिले आहे, ६ एप्रिलचा गोळीबार आणि बारा शेतकऱ्यांचे बळी पाहिले आहेत. या गावात तरी कोणाला कुठे नेले ही चौकशी किरकोळ मानली जाऊ नये.

भाषेबद्दल एक कडू गोष्ट. अटकेची कारणे मराठीत मिळणे हा अशिलाचा हक्क आहे, आणि तो नवा नाही. १९६२ मध्ये नागपूरच्या हरिकिसन प्रकरणात, इंग्रजी न कळणाऱ्याला स्थानबद्धतेची कारणे हिंदीत दिली नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धताच रद्द केली होती. रिमांडच्या वेळी ‘अशिलाला मराठीच कळते’ हे ऑर्डर शीटवर घ्या, तोंडी सांगून थांबू नका. मात्र आपले स्वतःचे अर्ज मराठीत रेटण्याचा हट्ट त्या रात्री करू नये. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत असावा असे कलम ६ म्हणते. मराठी अर्ज परत आला की तीस दिवस गेले. संविधानाच्या अनुच्छेद ३५० ची लढाई वेगळी आणि ती दिवसाउजेडी लढायची आहे. आणि ज्या तरुण सभासदांना अजून कन्नड वाचता येत नाही, जे रायटरने वाचून दाखवलेल्या कागदावर अशिलाला सही करायला सांगतात, त्यांनी आधी लिपी शिकावी. पंचनाम्यात काय लिहिले आहे ते न कळणे ही मराठीची सेवा नाही.

बाकीचे पटकन. कर्नाटकात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये. व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांची तरतूद शीर्षकातच लिहा. एफआयआरसाठी माहिती अधिकार वापरू नका. यूथ बार असोसिएशन (२०१६) प्रमाणे ती २४ तासांत, नेटवर्कची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तासांत, संकेतस्थळावर यायला हवी. लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे सोडून. संवेदनशील ठरवण्याचा अधिकार डीवायएसपीच्या खाली नाही. नावाने शोधू नका, क्राइम नंबर आणि ठाण्याने शोधा. कन्नडमधून इंग्रजीत जाताना चव्हाण आणि भोसले यांचे काय काय होते ते सर्वांनी पाहिले आहे. ई-कोर्टवरही एफआयआर नंबरचा रकाना आहे. दोषारोपपत्र नेटवर मिळणार नाही, सौरव दास निकालाने (२०२३) तो विषय संपला, नक्कल कोर्टातूनच काढा.

आणि मिळालेली यादी ग्रुपवर फिरवू नका. अटक म्हणजे शिक्षा नव्हे हे आपणच कोर्टात ओरडून सांगतो. स्थळ बघायला आलेल्या मुलावर केस आहे का, हे ठाण्यातून काढून देण्याचे उद्योग काही जण करतात असे कानावर येते. त्यांनी ते थांबवावेत. अल्पवयीनाचे नाव बाहेर गेले तर बाल न्याय कायद्याचे कलम ७४ वकिलालाही सोडत नाही.

कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झाले आहे, कागलच्या वकिलाला अर्ध्या तासात उच्च न्यायालय गाठता येते. आपल्याला धारवाडच गाठायचे आहे, तेव्हा तिथे जाताना पिशवी भरलेली हवी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि संकेश्वर इथल्या प्रत्येक ठाण्यासाठी दोन सभासदांनी नावे द्यावीत. फलकाची तारखेसह नोंद घ्या, नियुक्त अधिकाऱ्याचे नाव लेखी विचारा, नकार आला तर तोही लेखी घ्या आणि सगळे या महिन्याच्या २० तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. कलम ३७ च्या अंमलबजावणीसाठी एकत्रित याचिकेचे काम त्यावरच उभे राहील. अर्जाचा मसुदा कन्नड आणि इंग्रजीत शेवटच्या पानावर छापला आहे, कापून वापरा. वेळ घालायला विसरू नका, आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.