सिस्टर बदलतात, शाळा तीच राहावी

नाशिकमधल्या कॉन्व्हेंट शाळांच्या पालकांना हे सवयीचं आहे: काही वर्षं झाली की मुख्याध्यापिका सिस्टरांची बदली होते. धर्मसंघ पाठवील तिथे त्यांना जावं लागतं, ते समजण्यासारखं आहे. पण मूल पहिलीत येऊन चौथी पार करेपर्यंत तरी डोक्यावर एकच हात असावा, असं मला वाटतं.

कलम ३०(१) प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क आहे. प्रमुख निवडण्याचा अधिकारही त्यातच येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये केरळातल्या एका कॅथलिक कॉलेजच्या खटल्यात सांगितलं. मग निवडलेल्या माणसाला टिकवण्याची जबाबदारीही संस्थेचीच ना?

बदली करायचीच तर मे महिन्यात करावी, सत्राच्या मध्येच नको. जुन्या-नव्या सिस्टरांनी पंधरा दिवस तरी सोबत काम करावं. कोणत्या मुलाच्या घरी काय अडचण आहे, हे जनरल रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसतं. पोर्टलवर माहिती भरण्याचं काम वाटून द्यावं, म्हणजे मुख्याध्यापिकेला वर्गावर्गात फिरायला वेळ मिळेल.

आणि पालकहो, डबा सांडला, पेन्सिल हरवली, म्हणून थेट ऑफिस गाठू नका. आधी वर्गशिक्षिकेशी बोला. सिस्टरही माणूसच आहेत, त्याही थकतात.