दुरुस्ती हवी, तिच्यासोबतचं ओझं नको

साप्ताहिक स्तंभ : संगणक आणि आपण

हौसेखातर प्रोग्राम लिहिणारी मंडळी एकमेकांची खेचतात ती बहुधा दोन गोष्टींवरून : कोणाचा प्रोग्राम किती फुगलाय आणि कोणी त्याला किती पॅच, म्हणजे कोडमधले सुटे बदल, लावलेत. पडद्यावरच्या खिडक्या मांडून देणारा ‘डीडब्ल्यूएम’ हा छोटा प्रोग्राम या थट्टेचा लाडका विषय आहे. त्याच्या कर्त्यांनी कोड २००० ओळींपुढे जाऊ द्यायचा नाही असा नेमच केला आहे. जास्तीची सोय हवी असेल, तर ज्याने त्याने पॅच लावावा आणि प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा. मग कोणी वीस पॅच लावले की बाकीचे विचारतात, ‘यात आता मूळचं काय उरलं?’ तो उलट विचारतो, ‘तुझा ब्राउझर किती रॅम खातो ते आधी सांग.’ थट्टा खेळीमेळीची असते, पण तिच्या तळाशी असलेलं तत्त्व संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. दुरुस्ती वेगळी आणि भर वेगळी. दुरुस्ती हवी म्हणून भरही पत्करायची सक्ती कोणावर नसावी.

पॅच मुळात तसाच होता. लॅरी वॉल यांनी १९८५ साली ‘पॅच’ हा प्रोग्राम सर्वांना खुला केला. त्याला दिलेल्या फाइलमध्ये कोणत्या ओळी काढायच्या आणि कोणत्या घालायच्या एवढंच असतं. लावण्याआधी ती वाचता येते, पटली नाही तर नाकारता येते. आज आपल्या संगणकावर येणारं अपडेट मात्र बंद गाठोडं असतं. सुरक्षेतलं भोक बुजवणारा कोड, नवी बटणं, न मागितलेल्या सेवा, सगळं एकत्र. गाठोडं नाकारलं तर भोक उघडं राहतं, स्वीकारलं तर जुनं यंत्र मंदावतं. हार्डवेअर जितकं वेगवान होतं त्याहून लवकर सॉफ्टवेअर जड होत जातं, हे निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच एका लेखात बजावलं होतं. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे धडधाकट चालणारी असंख्य यंत्रं केवळ या अटींत बसत नाहीत म्हणून मागे पडली.

दुरुस्ती आणि भर वेगळी करणं जमत नाही, असं उत्तर मिळतं. पण ते जमतं. डेबियन ही लिनक्सची आवृत्ती प्रामुख्याने स्वयंसेवक चालवतात. तिच्या स्थिर शाखेत, ब्राउझरसारखे अपवाद सोडले, तर प्रोग्रामची आवृत्ती न बदलता फक्त सुरक्षेची दुरुस्ती जुन्या कोडमध्ये बसवली जाते. खुद्द मायक्रोसॉफ्टनेही विंडोज १० साठी मुदतवाढीची योजना आणली, तीत नवी सोय नाही, फक्त सुरक्षेची दुरुस्ती आहे. युरोपीय संघाने तर २०२४ च्या सायबर रेझिलियन्स कायद्यातच लिहून ठेवलं की, तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे सुरक्षेची दुरुस्ती नव्या सोयींपासून वेगळी द्यावी.

यावर एक आक्षेप रास्त आहे : जुन्या कोडची निगा राखायला माणसं लागतात, त्यांचा खर्च कोणी करायचा? खर्च आहे हे खरंच. पण आज तो टळत नाही, फक्त दुसऱ्याच्या खिशातून जातो. रॅम स्वस्त झाली म्हणणाऱ्याने शाळेच्या प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं एकदम बदलण्याचा हिशोब मांडून पाहावा. दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो : छोटं ते चांगलं, हा हट्ट आपल्यालाच महागात पडेल. सोलापूर जिल्ह्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा नांदतात. जोडाक्षरं नीट जुळवायला, उर्दूची अक्षरं एकमेकांना जोडायला ‘हार्फबझ’सारखा मोठा कोड लागतो. फक्त इंग्रजी लिहिणाऱ्याला तो फुगवटा वाटेल, आपल्याला मात्र त्याच्याशिवाय स्वतःचं नावही धड दिसणार नाही. म्हणून ओळी मोजून निवाडा करू नये. ती भर कोणाच्या गरजेची आहे आणि तिचा भार कोण वाहतो, हे पाहावं.

सोलापूरजवळच्या होटगी जंक्शनच्या लोकांना दुरुस्ती आणि भर यांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही. इथून गदगकडे जाणारा मार्ग आधी मीटरगेज होता, पुढे ब्रॉडगेज झाला. गेज बदललं की जुने डबे त्या मार्गावर निकामी होतात, म्हणून ते काम जाहीर करून, स्वतंत्र प्रकल्प म्हणून करतात. रुळांची रोजची डागडुजी त्यावाचून चालू असते. डागडुजीच्या नावाखाली गेज बदललेलं रेल्वेत कोणी खपवून घेणार नाही, मग सॉफ्टवेअरमध्ये ते का चालवून घ्यावं? शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कचेऱ्यांसाठी संगणक घेताना महाराष्ट्र शासनाने निविदेत एक अट घालावी : विक्रेत्याने ठरावीक वर्षं सुरक्षेची दुरुस्ती स्वतंत्रपणे द्यावी आणि तिच्यामुळे यंत्राची किमान गरज वाढू नये. अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी मुलांना पॅच वाचायला शिकवावं. काय काढलं आणि काय घातलं हे ज्याला वाचता येतं, तोच ‘हे कशासाठी?’ असं ठामपणे विचारू शकतो. हौशी मंडळी हा प्रश्न एकमेकांना हसतखेळत विचारतात, तो आता खरेदीच्या कागदावर यायला हवा.