आंबटाची कैफियत

परदेशी अन्नाच्या बाबतीत आपल्या शिष्ट समाजाने जो एक अलिखित जाबता करून ठेवला आहे, त्यात इटलीचे आसन पहिल्या पंगतीत, चीन आणि थायलंड यांचे त्याच्या लगत, आणि फिलिपाइन्सचा उल्लेख झालाच तर तो आत पिलू धरलेल्या बदकाच्या उकडलेल्या अंड्यापुरता, म्हणजे बलुतपुरता, आणि तोही नाक मुरडून होतो. एखाद्या राष्ट्राच्या नित्याच्या ताटाची परीक्षा त्यातील सर्वांत विचित्र घासावरून करणे अन्यायाचे आहे, हे उघडच आहे. परंतु दुबईच्या करामा वस्तीतील एका फिलिपिनो खानावळीत प्रथमच जेवून उठल्यावर माझे मत त्याच्याही पुढे गेले, आणि हा जाबता मुळात चवीवरून ठरलेलाच नाही, असे मला वाटू लागले.

काचेमागे तबके मांडलेली, गिऱ्हाइकाने बोट दाखवावे आणि वाढणाऱ्या बाईने ते भाताशेजारी वाढावे, असा तेथील दस्तूर. पहिले आले ते सिनिगांग : चिंचेच्या कोळात शिजविलेली कोळंबी, मुळा, वांगे, नाळीची भाजी आणि लांब शेंगा, ना फोडणी, ना वाटण, ना तेलाचा तवंग. चिंच नसेल तर कैरी, कैरी नसेल तर बिंबली किंवा पेरू, अशी ज्या मोसमात जे आंबट मिळेल ते घेण्याची त्या बेटांवर मुभा आहे. आमसुलावर आणि चिंचेवर पोसलेल्या कोकणी जिभेला हे सर्व ओळखीचे वाटावे, आणि वाटतेही. तथापि आपल्याकडे आंबटाला बहुधा गुळाचा किंवा नारळाच्या रसाचा जामीन द्यावा लागतो, तर येथे ते बिनजामिनाचे, एकटे, ताठ उभे असते, आणि उष्ण दमट हवेत मंदावलेली भूक जागी करण्याचे काम निमूटपणे करते. फिलिपिनो अन्नसंस्कृतीच्या थोर भाष्यकार डोरीन फर्नांडेझ यांनी, सर्व जग अदोबोला त्या देशाचा प्रतिनिधी मानीत असताना, ती सनद सिनिगांगला दिली होती. एका जेवणाच्या बळावर एवढ्या अधिकारी व्यक्तीला दुजोरा देणे धार्ष्ट्याचे असेल, पण तो मी देतो.

अदोबोविषयी थोडक्यात. शिरका, लसूण, मिरे, तमालपत्र आणि सोयाचा रस यांत मुरवून शिजविलेले मांस, असे त्याचे स्वरूप. दुबईत डुकराच्या मांसाला स्वतंत्र परवाना लागत असल्यामुळे ते सहसा कोंबडीचे मिळते. नाव स्पॅनिश, कृती मात्र 1565 मध्ये स्पॅनिश सेनानी लेगास्पीने तेथे ठाणे घालण्यापूर्वीची. माडाच्या सुरेचा शिरका गोव्याच्या स्वयंपाकघरांत आजही असल्यामुळे गोमंतकीयाला त्याचे नावीन्य वाटणार नाही.

सर्वच आवडले असे नाही. लालभडक, गोडमिट्ट शेवयांत सॉसेजचे तुकडे घातलेली त्यांची स्पॅगेटी मला अखेरपर्यंत रुचली नाही, आणि 1898 च्या पॅरिसच्या तहान्वये अमेरिकेने दोन कोटी डॉलर मोजून ती बेटे स्पेनकडून घेतल्यावर डबाबंद मालाचा जो अंमल सुरू झाला, त्याचीच ती खूण असावी, असा निकाल मी मनात देऊनही टाकला. परंतु त्या गोडीतील केळ्याच्या केचपचा इतिहास निराळा आहे. त्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या मारिया ओरोसा सिएटल येथे रसायनशास्त्र शिकल्या, 1922 मध्ये मायदेशी परतल्या, आणि परदेशी डब्यांवर विसंबलेल्या आपल्या देशाने स्वतःच्याच फळांची व धान्यांची बेगमी करावी म्हणून सरकारी खात्यात राहून गावोगावच्या स्त्रियांना फळे टिकविण्याची विद्या शिकवीत राहिल्या. टोमॅटो दुर्मिळ, केळी उदंड, म्हणून केचप केळ्याचे. फेब्रुवारी 1945 मध्ये मनिलाच्या लढाईत तोफगोळ्याच्या तुकड्यांनी त्यांचा अंत झाला. स्पॅगेटी अजूनही रुचत नाही. केचपला मी नावे ठेवणार नाही.

मग हे अन्न अप्रसिद्ध का? अन्नाची कीर्ती जिभेपेक्षा ते कोणी परदेशी नेले यावर अधिक अवलंबून असते. 1974 च्या कामगार संहितेपासून फिलिपाइन्स सरकारने परदेशी नोकरभरतीला रीतसर धोरणाचे रूप दिले. तेथून निघाल्या त्या परिचारिका, खलाशी आणि मोलकरणी, ज्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा दरमहा घरी जातो आणि ज्यांच्यापाशी झगमगीत उपाहारगृह काढण्याइतके भांडवल उरत नाही. त्यांनी जेथे जेथे खानावळ काढली ती आपल्याच माणसांच्या भुकेसाठी. परक्याने वाखाणावे ही तिची अपेक्षाच नव्हती. मुंबईच्या गिरणगावात घाटावरच्या आणि कोकणातल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांच्या खानावळींना तरी शहराच्या पाकशास्त्रात कितीशी जागा मिळाली? श्रमिकाचे अन्न पोट भरते, म्हणून त्यात कला नसावी, असे गृहीत धरण्याची आपल्याला सवय आहे, आणि ती सवय परदेशी गेल्यावरही सुटत नाही.

ज्यांना जावयाचे असेल त्यांनी बलुतची चौकशी करीत बसू नये. सिनिगांग घ्यावे, भात दुप्पट सांगावा, आणि शेवटी किसलेल्या बर्फाचे हालो-हालो मागवावे. त्यावरील जांभळा गोळा उबेचा, म्हणजे आपल्याच कोनफळाचा असतो. शाकाहारी मित्रांची मात्र तेथे पंचाईत आहे : कारली, वांगी, भेंडी आणि भोपळा पाहून ते पिनाकबेटवर विश्वासाने बोट ठेवतील, आणि त्यातच कोळंबीचा आंबवलेला बागोओंग घातलेला असेल, तेव्हा आधी विचारून घेतलेले बरे.