तिसरं माती परीक्षण

आमच्या सोसायटीच्या मागे, कंपाउंडलगत एक अरुंद मोकळी पट्टी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या काकूंनी तिथे अळू लावायचं मनावर घेतलं. वीतभर खणलं तोच काळ्या मातीखाली जांभळट थर लागला. खुरप्याला चिकटणारा, डांबरगोळीसारखा वास मारणारा. "अहो, ही माती आहे की रंगाचा डबा?" काकूंनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. अळू शेवटी कुंडीत लागला.

डोंबिवलीकरांना रंगांचं तसं अप्रूप उरलेलं नाही. 2014 च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला, 2020 च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. दोन्हींचे फोटो घरोघरी फिरले. खुद्द मुख्यमंत्री रस्ता बघून गेले. मग पाऊस वाहून गेला, रस्ता धुतला गेला आणि विषय संपला. खरं तर तो तेव्हाच सुरू झाला होता. हवेतलं वारा पुढे नेतो, नाल्यातलं खाडीला मिळतं, पण मातीत मुरलेलं बरंचसं तिथेच राहतं. त्याचा फोटो निघत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

माती परीक्षण म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक शेतकऱ्याची: सामू, नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब. दुसरी बिल्डरची: खडक किती मीटरवर लागतो, जमीन किती भार सोसेल. एक पिकासाठी, दुसरी पायासाठी. त्या मातीवर रांगणाऱ्या पोरासाठी तिसरी तपासणी हवी: शिसं किती, क्रोमियम किती, पारा, कॅडमियम, आर्सेनिक किती. ती कोणी मागत नाही, म्हणून कोणी करत नाही. ठाण्यापासून अंबरनाथपर्यंत कारखान्यांच्या जागांवर टॉवर उभे राहिले आहेत, राहत आहेत. ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल असतो, जिम असतं, 'किड्स प्ले एरिया'ही असतो. त्या प्ले एरियाखाली चाळीस वर्षं काय सांडत होतं, याचा एक कागदही फाइलला नसतो.

"इतक्या वर्षांत गेलं असेल वाहून," असं कोणी म्हणालं की मी पेट्रोलचं उदाहरण देतो. शिसंयुक्त पेट्रोल देशात 2000 साली बंद झालं, पण तोवर धुरातून रस्त्याकडेला बसलेलं शिसं अजून वरच्या काही इंचांत सापडतं. शिसं कुजत नाही. मूल मातीत खेळतं, हात तोंडात घालतं, एवढा त्याचा प्रवास. क्रोमियमचं वेगळंच. त्याचं सहासंयुजी रूप पाण्याबरोबर चालू लागतं. तमिळनाडूतल्या राणीपेटचा क्रोमेटचा कारखाना 1995 साली बंद पडला, पण दीड लाख टनांहून जास्त कचरा मागे ठेवून गेला. कुलूप कारखान्याला लागतं, मातीला लागत नाही.

या विषयावर बोलताना मला हटकून नायगारा फॉल्स आठवतं. धबधबा नाही, त्या गावातली लव्ह कॅनॉल ही वस्ती. अर्धवट सोडलेल्या एका कालव्यात हूकर केमिकल कंपनीने 1942 ते 1953 या काळात सुमारे 21 हजार टन रासायनिक कचरा टाकला, वर माती लोटली आणि ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला विकली. करारात एक कलम होतं: खाली रसायनं आहेत, पुढे काही झालं तर जबाबदारी आमची नाही. मंडळाने सही केली. शाळा बांधली. भोवती घरं झाली. वीस-पंचवीस वर्षांनी तळघरांतून काळा चिकट द्रव झिरपू लागला. लोइस गिब्स नावाच्या एका तरुण आईचा मुलगा त्याच शाळेत जात होता. ती ना शास्त्रज्ञ होती, ना पुढारी. तिने अर्ज लिहिला आणि एकेक दार वाजवत सह्या घेतल्या. दारोदारी कोण कशाने आजारी आहे, हेही टिपून घेतलं. सरकारी तज्ज्ञांनी त्या नोंदींना 'बायकांची आकडेमोड' म्हणून हिणवलं. 1978 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली, शेकडो कुटुंबं हलवावी लागली आणि 1980 च्या डिसेंबरात प्रदूषित जागा साफ करण्याचा कायदा झाला. त्याची सुरुवात एका बाईने वाजवलेल्या दारापासून झाली होती.

आपल्याकडे असा नियम यायला 2025 उजाडलं. जुलै महिन्यात केंद्राने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने स्वतःहून अथवा नागरिकांच्या तक्रारीवरून संशयित जागांची यादी करायची आणि दर सहा महिन्यांनी ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायची. मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. यादीत 189 घातक रसायनं आहेत. ज्याने घाण केली, खर्च त्याचा. ऐकायला छान. गोम अशी की जागा प्रदूषित ठरली तर ती कधीपर्यंत साफ व्हायला हवी, याची मुदत नियमांत नाही. देशात अशा 103 जागा आधीच नोंदलेल्या आहेत आणि काम सुरू झालंय ते फक्त सात ठिकाणी. तक्रारच आली नाही तर यादी कोरी जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

एक सावधगिरीही हवी. साफसफाई म्हणजे डंपर भरून दुसऱ्याच्या दारात ओतणं नव्हे. भोपाळच्या कारखान्यातला 337 टन कचरा 2025 च्या पहिल्याच दिवशी रात्री पीथमपूरला निघाला, तेव्हा पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले. त्यांचं काय चुकलं? आणि भोपाळच्या आवारातली दूषित माती तर अजून तिथेच आहे.

हे फक्त शहरांचं दुखणं नाही. इटलीत त्रिसिनोला मितेनी नावाचा कारखाना होता. तिथल्या पीएफएएस रसायनांनी साडेतीन लाख लोकांच्या भागातलं पाणी नासलं. 2025 च्या जूनमध्ये त्या प्रकरणी 11 अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. कारखान्याचं दिवाळं निघाल्यावर त्याची यंत्रं लिलावात विकली गेली आणि आली कुठे, तर आपल्या लोटे परशुरामला. लोट्याच्या आसपासच्या गावांनो, आज तुमच्या मातीत आणि विहिरीत काय आहे, याची नोंद आजच करून ठेवा. उद्या कोणी "हे आधीपासूनच होतं" म्हणालं तर हातात कागद हवा.

बाकीच्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी काय करायचं? सोसायटीच्या पुढच्या सभेत विषय मांडा. आवारातल्या पाच-सहा ठिकाणची वरची वीतभर माती एकत्र करून एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या आणि जड धातूंची तपासणी मागा. नवं घर घेताय? पार्किंगचं विचारता, तसं तिसऱ्या परीक्षणाचंही विचारा. उत्तर येईपर्यंत भाजी कुंडीत, बाहेरून आणलेल्या मातीत लावा. आणि जिथे जुना कारखाना होता, रंगीत थर लागतो, वास येतो, अशी जागा दिसली तर फोटो, पत्ता, सर्व्हे नंबर घालून महापालिकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्या. आमचा अर्ज तयार आहे. पहिली सही काकूंची. तुमचाही साध्या कागदावर लिहा, दोन प्रती काढा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.