लोणारची पायवाट कोणाची?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर हे ज्वालामुखीचे मुख आहे, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. तो अगदीच निराधार नव्हता. दख्खनचे सारे पठारच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाने घडवले आहे. १९७३ साली शास्त्रज्ञांनी आघाताचे पुरावे मांडले आणि हे विवर उल्कापाताचे ठरले. तो गैरसमज दूर झाला. दुसरा मात्र सरकारदरबारी ठाण मांडून बसला आहे: लोणारचे संरक्षण म्हणजे लोणारच्या माणसांपासून संरक्षण!

२००० साली हा परिसर अभयारण्य झाला, २०२० साली रामसर यादीत गेला. या दोन्ही गोष्टींचे स्वागतच केले पाहिजे. परंतु १९७२चा वन्यजीव कायदा अभयारण्यात प्रवेशाचे परवाने कोणत्या कारणांसाठी देतो? संशोधन, छायाचित्रण, पर्यटन! सरपण वेचणारी बाई आणि देवीला निघालेला शेतमजूर या यादीत नाहीत. गोमुखाच्या धारेपासून कमळजादेवीकडे उतरणारी वाट कोणा पर्यटन अधिकाऱ्याने आखलेली नाही. ती भाविकांच्या, गुराख्यांच्या आणि तळ्यातील क्षार काढणाऱ्या मजुरांच्या पावलांनी मळलेली आहे. ज्यांनी वाट पाडली त्यांनाच उद्या घुसखोर ठरवायचे, आणि मोटारीतून येणाऱ्यासाठी तिला कठडे लावायचे, हा कोणता न्याय?

माणसांच्या वावराने सरोवर नासेल, असे सांगण्यात येते. विवरातील वृक्षतोड थांबली पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याला मोठा धोका शहराच्या सांडपाण्याचा आहे. ते अनवाणी चालणाऱ्या म्हातारीने आणले काय? काठाबाहेर किलोमीटरभराहून अधिक अंतरापर्यंत आघाताने उधळलेला खडकांचा थर पसरलेला आहे. तोच विवराच्या जन्माचा पुरावा. तो पायाखाली झिजून संपत नाही. रस्ते, विश्रामगृहे आणि वाहनतळ यांच्यासाठी खोदला की कायमचा नाहीसा होतो. मग बंदी पायांवर हवी की यंत्रांवर?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. जुन्या पायवाटांची नोंद करून त्यांवरील वहिवाट व यात्रेचा हक्क मान्य करावा. नव्या सिमेंटी वाटा नकोत. जुन्याच वाटा स्थानिक दगडाने, हातांनी दुरुस्त कराव्यात. काम मागणाऱ्या हाताला काम देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हा धडा महाराष्ट्राने १९७२च्या दुष्काळातून घेतला आणि १९७७ साली त्याचा कायदा केला. या वाटांवर तो धडा आठवावा. वाटाडे लोणारचेच असावेत, आणि प्रत्येक आराखडा मंजुरीपूर्वी मराठीत नगरपरिषदेपुढे व भोवतालच्या ग्रामसभांपुढे ठेवावा.

निसर्ग विरुद्ध गरीब असा झगडा लावून देणे सत्तेला नेहमीच सोयीचे असते. कार्यकर्त्यांनी त्या सापळ्यात सापडता कामा नये. सरोवर राखायचे, तर ते राखण्यात ज्यांचे हित आहे त्या जनतेला त्याच्या काठावरून हुसकावून कसे चालेल?